मुलाला कोंडायची खोली तुमच्या शाळेत आहे का, हे प्रवेशाआधी सांगा
विशेष शाळांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि शिक्षक यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मुलाला विशेष शाळेत घालायचं का, आणि घालायचं तर कोणत्या, हा विषय आमच्या घरात रोज रात्री निघतो आणि रोज अर्धवट राहतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे आणि बोलणं मोजक्या शब्दांपुरतं आहे. तुमची माहितीपत्रकं आम्ही पुन्हा पुन्हा वाचतो. एका शिक्षकामागे मुलं किती, स्पीच थेरपी आठवड्यातून कितीदा, ऑक्युपेशनल थेरपिस्ट पूर्णवेळ आहे की नाही, हे सगळं त्यात असतं. एक गोष्ट मात्र कुठेच सापडत नाही. मूल अनावर झालं की तुम्ही त्याला कुठे नेता? तुमच्या इमारतीत अशी खोली आहे का, जिथे मुलाला एकटं ठेवून दार लावलं जातं आणि ते त्याला आतून उघडता येत नाही?

हे पत्र त्या खोलीबद्दल आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: अशी खोली कोणत्याही शाळेत असू नये. पण ती आज आहे, बऱ्याच ठिकाणी आहे, आणि उद्या सकाळी बंद होणार नाही हेही मला कळतं. म्हणून तोवर निदान एवढं करा, की खोली आहे की नाही, ती कधी वापरता आणि वापरल्यावर आम्हाला कधी कळवता, हे प्रवेशाआधी लेखी सांगा.

लेखीचा आग्रह का, तेही सांगते. नेहमीच्या शाळेतल्या मुलाला कोणी खोलीत कोंडलं, तर ते संध्याकाळी घरी येऊन सांगतं. रडत सांगेल, रागाने सांगेल, पण सांगेल. दुसऱ्या दिवशी आईवडील शाळेच्या दारात उभे असतात. आमचं मूल सांगत नाही. ते रात्री झोपेनासं होतं. सकाळी बूट घालताना पाय आखडून घेतं. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, मनगट चावून चावून तिथे घट्टा पडतो. आणि आम्ही कारण शोधत बसतो: पोट दुखतंय का, दाढ येतेय का, औषध बदललं म्हणून होतंय का? डॉक्टर होतात, तपासण्या होतात. शाळेत काय घडलं असेल हा विचार मनात येतोही, पण विचारायचं कोणाला आणि कशाच्या आधारावर? इतर मुलांचं तोंड जे काम करतं, ते आमच्या मुलांसाठी तुमच्या रजिस्टरला करावं लागतं. ते कोरं असेल किंवा आमच्यापासून लपवलेलं असेल, तर आमचं मूल पूर्ण मुकं होतं.

शाळा बघायला फिरताना अशी एक खोली मी पाहिली आहे. शाळेचं नाव घेत नाही, कारण प्रश्न त्या एका शाळेचा नाही. व्हरांड्याच्या टोकाला, सामानाच्या खोलीशेजारी ती होती. दोन माणसं आडवी झोपली तर भरून जाईल एवढीच. भिंतींना खांद्यापर्यंत निळ्या रेक्झिनच्या गाद्या ठोकलेल्या, वर उघडा गिलावा. दाराला काचेचा छोटा चौकोन, तोही मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. आतून कडी नाही, मूठ नाही, काहीच नाही. दाराच्या खालच्या भागावरचं रेक्झिन माझ्या मुलाच्या कोपराच्या उंचीवर फाटून आतला फोम बाहेर आला होता. मी विचारलं तेव्हा दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मुलांना शांत व्हायला आहे, क्वचितच वापरतो." बाहेरच्या कडीकडे माझं लक्ष गेलं. कडी जिथे सरकते तिथला रंग पार उडून खालचं लोखंड चकाकत होतं.

त्या बाई वाईट नव्हत्या. वर्गात त्या एका मुलीच्या बुटाची नाडी बांधत खाली बसल्या होत्या आणि ती मुलगी त्यांच्या केसांशी खेळत होती. खोली वाईट माणसंच वापरतात असं असतं तर हा प्रश्न सोपा झाला असता.

आत काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी लिहिते. मूल अनावर होतं तेव्हा ते बहुतेक वेळा काही मागत नसतं. घंटेचा कर्कश आवाज, अचानक बदललेलं वेळापत्रक, न समजलेली सूचना, दुखणारा कान, यातलं काहीतरी साचत जातं आणि एका क्षणी शरीर धोक्याची घंटा वाजवतं. त्या वेळी त्याला शब्द कळत नाहीत, समजावणं पोचत नाही. अशा मुलाला एकटं बंद केलं की भीती उतरत नाही, वाढते. ते दारावर आपटतं, डोकं भिंतीवर मारतं, कपडे ओढतं, कधी जागीच लघवी होते. मग केव्हातरी आवाज थांबतो आणि नोंद होते, "शांत झाला." दमून कोसळणं म्हणजे शांत होणं नव्हे. ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांमध्ये फिट येण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. दारामागे थांबलेला आवाज कशामुळे थांबला, हे काचेच्या चौकोनातून ओळखता येईलच असं नाही.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २००४ साली विशेष शिक्षणाच्या एका शाळेत १३ वर्षांच्या मुलाने अशाच बंद खोलीत गळफास घेतला. कमरेला पँट राहावी म्हणून त्याला जी दोरी दिली होती, तिनेच. राज्याच्या शिक्षण मंडळाने शाळांमधलं हे कोंडणं बंद केलं ते २०१० मध्ये. मधली सहा वर्षं किती मुलं अशा दारांमागे राहिली असतील, हा विचार मला सोडत नाही.

तुम्ही म्हणाल, ही टोकाची घटना झाली, आम्ही तर अगदीच नाइलाज झाला तरच वापरतो. हेच वाक्य मला जवळजवळ प्रत्येक शाळेत ऐकायला मिळालं आणि ते मनापासून म्हटलेलं होतं. पण नाइलाजाचा उपाय नाइलाजापुरता राहत नाही, आणि त्याचं कारण वर्तनशास्त्र शिकलेल्या कोणत्याही विशेष शिक्षकाला माहीत असतं. मुलाला नको असलेलं काम समोर आलं, त्याने हात उगारला, त्याला खोलीत नेलं. काम टळलं. हात उगारला की काम टळतं, हे तो शिकला. इकडे दार लागल्याबरोबर वर्ग शांत झाला, शिक्षकाचा जीव भांड्यात पडला. म्हणजे दार लावण्याचं फळ शिक्षकालाही लगेच मिळालं. पुढच्या वेळी मूल लवकर हात उगारतं आणि शिक्षक लवकर दाराकडे वळतात. कोणी ठरवलेलं नसतं, तरी शेवटचा उपाय सरकत सरकत पहिला होऊन बसतो.

हे नुसतं माझं तर्कट नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात शाळांना अशा प्रत्येक प्रसंगाची नोंद ठेवणं कायद्याने बंधनकारक होतं. 'प्रोपब्लिका' आणि 'शिकागो ट्रिब्यून' यांच्या पत्रकारांनी त्या नोंदी मिळवून वाचल्या आणि २०१९ च्या नोव्हेंबरात छापल्या. साधारण सव्वा वर्षाच्या काळातले २०,००० हून जास्त प्रसंग त्यात होते. ज्या नोंदींवरून खोलीत टाकण्याचं कारण कळत होतं, त्यांतल्या एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी कोणाच्या सुरक्षिततेचा प्रश्नच नोंदलेला नव्हता. अभ्यास करायला नकार दिला, शिवी दिली, दूध सांडलं, अशी कारणं होती. मुलं आतून काय ओरडत होती तेसुद्धा कर्मचाऱ्यांनी मिनिटा-मिनिटाला लिहून ठेवलं होतं. बातमी आल्यावर दुसऱ्याच दिवशी राज्याने तातडीचे नियम काढून मुलाला एकटं बंद करणं थांबवलं.

यातली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. लिहिलेलं सगळं होतं. कपाटात होतं. राज्याकडून ते तपासलं जात नव्हतं आणि आईबापांपर्यंत बरंचसं पोचलंच नव्हतं. म्हणून "आम्ही नोंद ठेवतो" एवढं उत्तर मला पुरणार नाही. ती नोंद त्याच दिवशी, मूल घरी पोचायच्या आत, आमच्या हातात हवी.

आणि "आमच्याकडे असा एकही प्रसंग नाही" हे उत्तरसुद्धा मी आता जपून घेते. अमेरिकेच्या संसदेसाठी सरकारी कामाचा हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने २०१९ मध्ये दाखवून दिलं, की २०१५-१६ या वर्षासाठी देशातल्या सुमारे ७० टक्के शालेय जिल्ह्यांनी, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळांनी, मुलांना धरून ठेवण्याचे आणि कोंडण्याचे प्रसंग शून्य कळवले होते, आणि त्यातली कित्येक शून्यं खरी मानण्यासारखी नव्हती. म्हणजे त्यानंतरच्या सरकारी आकड्यांकडेही कमीत कमी म्हणूनच पाहायला हवं. २०१७-१८ च्या आकड्यांत एक लाखाहून जास्त मुलांना धरून ठेवल्याची किंवा कोंडल्याची नोंद आहे. त्यातली सुमारे २७,५०० मुलं कोंडलेली. शाळांमधल्या एकूण मुलांत विशेष शिक्षण घेणारी मुलं १३ टक्के होती, आणि कोंडलेल्यांत ती ७७ टक्के होती. मी एकाच देशाचे आकडे देते आहे, कारण तिथे मोजायला तरी सुरुवात झाली. जिथे मोजतच नाहीत तिथे हे घडत नाही, असं मानायला मी तयार नाही.

शिक्षकांची बाजू मला दिसत नाही असं कृपा करून समजू नका. माझ्या दंडावर माझ्याच मुलाच्या दातांचे वण आहेत. मूल सगळ्या ताकदीनिशी अंगावर येतं तेव्हा काय होतं ते मला ठाऊक आहे. एका वर्गात आठ मुलं, हाताशी एक मदतनीस, ती आज रजेवर, आणि एक मूल खुर्ची उचलून दुसऱ्यावर फेकतंय, अशा वेळी शिक्षकाने काय करायचं? त्या क्षणी दुसऱ्या मुलाला वाचवणं हे पहिलं काम आहे आणि त्यासाठी माझ्या मुलाला थोडा वेळ धरावं लागलं तर मी तक्रार घेऊन येणार नाही. पण हा प्रश्न खोलीने सुटत नाही. मूल स्वतःच्या पायांनी त्या खोलीत जात नाही, त्याला उचलून, ओढत न्यावं लागतं. शिक्षकांना मार लागतो तो बऱ्याचदा याच झटापटीत, आणि मुलांची हाडं मोडतात तीही. पालथं पाडून पाठीवर भार दिला तर श्वास कोंडून मूल दगावू शकतं. खोली बंद करणं हे शिक्षकांच्या विरोधात नाही. त्यांना पुरेसे हात न देणाऱ्या व्यवस्थापनाने खोली बांधून दिली, हा अन्याय शिक्षकांवरही आहे. संस्थाचालकांनो, हे वाक्य तुमच्यासाठी आहे.

खोलीशिवाय चालतं का? चालतं, आणि सर्वांत अवघड मुलांबरोबरही चालतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लिहाय विद्यापीठाची सेंटेनियल स्कूल नावाची शाळा आहे. भावनिक अडचणी असलेली आणि ऑटिझमची, इतर शाळांनी हात टेकलेली मुलं तिथे येतात. १९९७-९८ या एका वर्षात तिथे मुलांना जबरदस्तीने धरून ठेवण्याचे १,०६४ प्रसंग झाले. पुढच्या वर्षी नव्या प्रमुखांनी कामाची पद्धतच बदलली. कोंडायच्या खोल्या बंद झाल्या. दिवसाची आखणी मुलांना आधीच कळेल अशी केली, न चिडता काय करायचं ते रोज शिकवायला सुरुवात झाली, चांगल्या वागण्याची दखल लगेच घेतली जाऊ लागली आणि शिक्षकांचं प्रशिक्षण वर्षभर चालू राहिलं. धरून ठेवण्याचे प्रसंग त्याच वर्षात झपाट्याने खाली आले. व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन या संस्थेनेही कोंडणं पूर्ण थांबवलं. तिथे कर्मचाऱ्यांच्या हातात मऊ, उशीसारखी ढाल असते. मुलाने मारलं तर फटका ढालीवर घ्यायचा, त्याला धरायचं नाही, अंतर राखून थांबायचं. धरणं-कोंडणं कमी झालं तसं कर्मचाऱ्यांना होणाऱ्या दुखापतीही कमी झाल्या. यात जादू काही नाही. पैसा लागतो, माणसं लागतात, आणि प्रमुखाने दोन-चार वर्षं हट्टाने मागे लागावं लागतं.

आमच्या मुलाच्या आधीच्या शाळेत एक तरुण शिक्षिका होत्या. तो रोज साडेअकराच्या सुमारास बिथरायचा. त्यांनी वहीत तीन रकाने आखले: आधी काय घडलं, मग त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं. काही दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की त्या वेळी शेजारच्या हॉलमध्ये बाकं सरकवली जातात आणि फरशीवर लोखंडी पाय घासल्याचा आवाज येतो. बाकांच्या पायांना रबरी टोप्या बसवल्या. जोडीला त्याला एक कार्ड दिलं. त्यावर दाराचं चित्र होतं आणि ते दाखवलं की बाहेर जाता येतं. त्याने ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा बाईंनी चालू धडा तिथेच टाकला आणि त्याच्याबरोबर बाहेर गेल्या. कार्ड खरंच चालतं हे त्याला त्या क्षणी कळायला हवं होतं, असं त्या मला नंतर म्हणाल्या. तो आधी हात उगारून जे सांगत होता, तेच आता कार्डावर सांगू लागला. कोंडलं असतं तर बाकांच्या आवाजाचा पत्ता कोणालाच लागला नसता.

शांत व्हायला जागा असावी, याला माझा विरोध नाही. उलट ती हवीच. मंद उजेड, जड गोधडी, झोका, कानाला लावायचे हेडफोन, जवळ ओळखीचं माणूस. मूल स्वतःहून तिथे जाईल आणि मनात येईल तेव्हा बाहेर येईल. दारावर पाटी कोणती लावता त्याने मला फरक पडत नाही. दार मुलाला उघडता येतं का, आणि आत त्याच्यासोबत कोणी असतं का, एवढंच मी बघणार आहे.

आता संमतीपत्राबद्दल, कारण आम्हा पालकांची सगळ्यात मोठी कोंडी तिथे होते. प्रवेशाच्या कागदांच्या गठ्ठ्यात, सहलीच्या परवानगीच्या आणि फोटो काढण्याच्या परवानगीच्या मधे एक ओळ असते: मुलाच्या सुरक्षिततेसाठी शाळेला आवश्यक वाटतील ते उपाय योजण्यास पालकांची हरकत नाही. या "उपायां"मध्ये काय काय येतं हे विचारावंसं वाटतं, पण जीभ रेटत नाही. दोन शाळांनी आधीच नाही म्हटलेलं असतं. इथेही "कटकटे पालक" असा शिक्का बसला तर मूल घरीच राहील, ही भीती असते. मग सही होते. अशा सहीला कृपया संमती म्हणू नका. कोंडण्याला पालकांनी परवानगी नाकारली म्हणून प्रवेश नाकारला जाणार नाही, एवढं एक वाक्य त्याच कागदावर छापा. आमच्यातले किती जण मोकळेपणाने बोलू लागतील ते तुम्हाला दिसेल.

बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं ३७ वं कलम सांगतं की कोणत्याही मुलाचं स्वातंत्र्य मनमानी पद्धतीने हिरावून घेता येणार नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या कराराने क्रूर आणि अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षण देऊ केलं आहे, आणि शिक्षण इतरांच्या बरोबरीने मिळण्याचा हक्कही. जगातल्या बहुतेक देशांनी दोन्ही मान्य केले आहेत. मोठ्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध खोलीत बंद करून बाहेर कडी लावली, तर लावणाऱ्याला पोलिसांना उत्तर द्यावं लागेल. मूल विशेष आहे आणि इमारत शाळेची आहे, एवढ्याने ते माफ कसं होतं, हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

म्हणून आम्हाला जे कळायला हवं ते स्पष्ट लिहिते. अशी खोली असेल तर भेटीच्या वेळी ती दाखवा, आम्ही मागायची वाट बघू नका. दार लावायचा निर्णय कोण घेऊ शकतं? गेल्या वर्षभरात ती किती वेळा वापरली, किती वेगवेगळ्या मुलांसाठी, आणि सर्वांत जास्त वेळ दार किती मिनिटं बंद होतं? मुलांची नावं नकोत, आकडे पुरेत. एकाच मुलाला पुन्हा पुन्हा कोंडलं जात असेल तर त्याच्यासाठी आखलेल्या शिकवण्याच्या आराखड्यात काय बदललं? आणि खोली कधी बंद करणार, याची तारीख आहे का? तारीख दूरची असली तरी मी ऐकून घेईन. तारीखच नसेल तर आमचं मूल तिथे येणार नाही, मग तिथली स्पीच थेरपी कितीही चांगली असो.

आमच्याकडून तुम्हाला जे देता येईल ते आम्ही देऊ. मुलगा बिथरण्याआधी काय करतो, ते एका पानावर लिहून तयार आहे. आधी तो खालच्या पट्टीत गुणगुणतो. मग डावा तळहात कानावर दाबतो. मग उभा राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो. इथपर्यंत कोणी त्याला आवाजापासून दूर नेलं, तर पुढचं काही होत नाही. हे पान त्याच्या वर्गशिक्षिकेबरोबरच मदतनिसाला आणि बदली शिक्षकालाही रोज दिसायला हवं. ते कुठे लावणार, हेही उत्तरात कळवा.

आपली,
विशेष शाळा शोधणारी एक आई